इंग्रजीच्या क्लासात म्हणी शिकवायच्यात? आधी सुईदोरा घेऊन जा

मी धनकवडीत संध्याकाळी सात ते साडेआठ इंग्रजी बोलायची बॅच घेते. डिप्लोमाची पोरं असतात, दुकान सांभाळणाऱ्या दोन-तीन काकू, डिलिव्हरीचं काम करणारा एक मुलगा जो हेल्मेट मांडीवर ठेवूनच बसतो, आणि कंपनीतून रिटायर झालेले एक काका. म्हणींचा धडा मी बरीच वर्षं असा घ्यायचे की फळ्यावर डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, वीस म्हणी, घरून पाठ करून या, शुक्रवारी टेस्ट. टेस्टमधे सगळ्यांना वीसपैकी सतरा-अठरा पडायचे आणि महिन्याभराने त्यातली एकही म्हण कुणाच्या तोंडात नसायची, म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि घडा पालथा ठेवला होता मीच. आता गेली काही वर्षं वेगळ्या पद्धतीने घेते आणि फरक दिसतो, म्हणून सविस्तर लिहितेय, क्लास घेणाऱ्यांसाठी पण आणि घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आईबाबांसाठी पण.

मुळात धरायची गोष्ट एकच. म्हणीचा अर्थ सांगायच्या आधी ती कोण कुणाला आणि कुठल्या वेळी म्हणतं ते दाखवायचं. आपण आपल्या म्हणी तशाच शिकलो ना? आजीने पुस्तक उघडून "उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणजे काय ते सांगते हं" असं कधी म्हटलं नाही, शेजारचा कुणीतरी मोठमोठ्या गप्पा मारून गेला, दार लागलं, आणि आजी ते म्हणाली. आपल्याला त्या दारासकट म्हण कळली. इंग्रजी म्हणीला पण असं एखादं दार लागतं.

सुरुवात मी नेहमी 'अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन' पासून करते, कारण ही सगळ्यात जास्त पाठ केलेली आणि सगळ्यात कमी कळलेली म्हण आहे. विचारून बघा, दहातल्या आठ जणांना त्यातले नऊ म्हणजे नऊ काय ते सांगता येत नाही. नऊ वाजता? नऊ रुपये? तर मी घरून एक जुनी उशीची खोळ घेऊन जाते जिची शिवण दोन बोटं उसवलीय, आणि सुईदोरा. खोळ टेबलावर ठेवायची आणि काकूंना विचारायचं, किती टाके लागतील? मागच्या बॅचच्या काकूंनी खोळ हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाल्या, "एक टाका पुरे की, पण आत्ता घातला तर." मी काही न बोलता शिवण दोन्ही हातांनी ओढली, टर्रकन वीतभर उसवली, आणि परत त्यांच्या हातात दिली, आता? त्यांनी बोटाने मोजलं, "आता आठ-नऊ तरी." तेवढं झाल्यावरच फळ्यावर म्हण लिहिली. कुणाला अर्थ सांगावा लागला नाही, आणि मागून तो डिलिव्हरीवाला मुलगा म्हणाला, "म्हणजे मॅडम ब्रेकचे लायनर, वेळेवर बदलले की ड्रम वाचतो." बस्स, झालं काम. ही त्याची म्हण झाली, आता तो विसरणार नाही.

थॉमस फुलर नावाच्या एका इंग्रज डॉक्टरने १७३२ साली म्हणींचा संग्रह छापला त्यात ही 'मे सेव्ह नाइन' अशी आहे, म्हणजे 'वाचवू शकतो'. पोरांना 'मे' शिकवायचं राहिलं असेल तर इथेच शिकवून टाका. आणि बाकावर ठेका धरून म्हणायला लावा, स्टिच, टाइम, नाइन या तीन शब्दांवर टिचकी, मधले शब्द पटकन गिळायचे. आपण मराठी माणसं इंग्रजीचा प्रत्येक शब्द सारख्या वजनाने म्हणतो, त्यामुळे समोरच्याला ऐकायला जड जातं. ही सवय मोडायला म्हणीसारखं दुसरं काही नाही, कारण म्हण ठेक्यावरच बसवलेली असते.

वस्तू सापडली नाही तर आपल्याकडचा प्रसंग शोधायचा. 'मेक हे व्हाइल द सन शाइन्स' घ्या. यातलं 'हे' म्हणजे कापून उन्हात वाळवलेलं गवत, जनावरांच्या वर्षभराच्या चाऱ्यासाठी. इंग्लंडात उन्हाळ्यात पण पाऊस कधीही येतो, गवत भिजलं की कुजतं, त्यामुळे ऊन दिसलं की शेतकऱ्याची एकच धावपळ. हे नुसतं सांगून पुण्यातल्या पोराला काही वाटत नाही, त्याने गवताची गंजी बघितलेली नसते. पण एप्रिल-मेमधे गच्चीवर घातलेल्या कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्या त्याने बघितल्यात, आणि चार वाजता कात्रजच्या बाजूने आभाळ काळं झालं की आई "अरे वर पळ, वळीव येतोय" म्हणून कशी ओरडते तेही त्याला माहितीय. मग तेच विचारायचं, कुरडया कधी घालायच्या? ऊन आहे तोवर. झाली म्हण. गवताचं मग दोन मिनिटांत सांगून टाकायचं.

इथे एक खाच आहे जी पुस्तकात कुणी लिहीत नाही. या म्हणीला मराठीत 'वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे' असं देतात, आणि 'स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट' ला 'तापल्या तव्यावर पोळी भाजून घेणे'. वरवर बघितलं तर बरोबर वाटतं. पण आपल्याकडे कुणी "त्याने पोळी भाजून घेतली" म्हटलं तर ते कौतुक असतं का? नसतं, त्यात तो माणूस संधिसाधू आहे असा वास असतो. इंग्रजीत मात्र लोहाराच्या ऐरणीवरचं तापलेलं लोखंड हे सरळ चांगल्या अर्थाने येतं, वेळ आहे तोवर काम उरकून घे बाबा. एका मुलीने हाच घोटाळा केला होता, बॉस तिला ईमेलमधे लोखंड तापलंय तोवर ठोका असं म्हणाला आणि तिला वाटलं तो तिला स्वार्थी म्हणतोय, दोन दिवस तोंड पाडून बसली होती. त्यामुळे मराठी जोडी देताना अर्थाबरोबर चव पण जुळतीय का ते बघा, नसेल जुळत तर तसं स्पष्ट सांगा.

जुळणाऱ्या जोड्या पण आहेत आणि त्या शिकवताना फार मजा येते. 'अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स' आणि 'नाचता येईना अंगण वाकडं', दोन्हीत टोमणा तेवढाच, दोन्ही तोंडावर म्हटल्या तर भांडण ठरलेलं. 'नो पेन नो गेन' ला 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही', आणि खरं सांगायचं तर आपली जास्त सुंदर आहे, त्यात दगड आहे, टाकी आहे, देव आहे. 'मेनी हँड्स मेक लाइट वर्क' साठी तुकोबांचं 'एकमेकां साह्य करू'. 'व्हेअर देअर्स अ विल देअर्स अ वे' साठी 'प्रयत्नांती परमेश्वर' देतात, अगदी तंतोतंत नाही पण चालतं, आणि ती म्हण मी अर्थासाठी कमी आणि उच्चारासाठी जास्त वापरते. 'व्हेअर', 'विल', 'वे' तिन्हीला शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ गोल करायचे, दात ओठाला लागू द्यायचे नाहीत. 'व्हेरी', 'व्हॅन' ला दात लावायचे. आपल्या एका 'व' मधे दोन्ही बसतात म्हणून आपल्याला फरक ऐकूच येत नाही. आरसा द्या हातात, पाच मिनिटांत जमतं.

व्याकरणासाठी तर म्हणी म्हणजे खाणच आहे. फळ्यावर एकाखाली एक तीन लिहा, 'प्रॅक्टिस मेक्स परफेक्ट', 'मेनी हँड्स मेक लाइट वर्क', 'ऑल वर्क अँड नो प्ले मेक्स जॅक अ डल बॉय'. आणि विचारा, एकात 'मेक' आणि दोनात 'मेक्स' का? हात अनेक म्हणून 'मेक', प्रॅक्टिस एक म्हणून 'मेक्स'. तिसऱ्यात पोरं अडतात कारण काम आणि खेळ दोन गोष्टी दिसतात, तिथे समजवायचं की नुसतं काम अन् खेळ नाही ही मिळून एकच परिस्थिती धरलीय. तो शेवटचा 'स' आपली माणसं सर्रास खातात, "माय सन गो टू स्कूल", आणि नियम शंभरदा सांगून फरक पडत नाही, पण म्हण तोंडात बसली की 'स' बरोबर बसतो. 'लाइट' म्हणजे इथे प्रकाश नाही, हलकं, हे आवर्जून सांगा. स्पेलिंगचं पण इथेच उरकून घ्या, ब्रिटिश पद्धतीत प्रॅक्टिस हे नाम असेल तर शेवटी सी, क्रियापद असेल तर एस.

'प्रॅक्टिस मेक्स परफेक्ट' ला पुण्यात वेगळं उदाहरण शोधावंच लागत नाही. गणपतीच्या दीड-दोन महिने आधी संध्याकाळी नदीपात्राच्या बाजूने जा, ढोल-ताशाची पथकं सराव करत असतात आणि पोरं घरी "आई प्रॅक्टिसला चाललो" असंच म्हणून निघालेली असतात. माझ्याकडच्या एका मुलाच्या हाताला फोड आलेले, पट्टी बांधून क्लासला आला होता, त्याला मी उभं करून पहिल्या आठवड्यातला हात आणि आत्ताचा हात याबद्दल इंग्रजीत पाच वाक्यं बोल म्हटलं. एरवी एक वाक्य न बोलणारा मुलगा, पाचाऐवजी बारा बोलला. चुका होत्या, मी मधे टोकलं नाही.

मंडळाचं उदाहरण भांडण लावायला पण वापरते, चांगल्या अर्थाने भांडण. 'मेनी हँड्स मेक लाइट वर्क' आणि 'टू मेनी कुक्स स्पॉइल द ब्रॉथ' या दोन्ही म्हणी इंग्रजीत सुखाने नांदतात, आपल्याकडे पण 'एकमेकां साह्य करू' आहे आणि 'सात सुगरणी, भाजी अळणी' पण आहे. क्लासचे दोन गट करायचे आणि विषय द्यायचा, मंडळात माणसं जास्त बरी का कमी? मांडव घालायला, पंगत वाढायला, मिरवणुकीत दोरी धरायला माणसं जितकी जास्त तितकी बरी. पण डेकोरेशन कुठलं करायचं हे ठरवायच्या मीटिंगला पंचवीस जण बसले की रात्रीचे दोन वाजतात आणि काही ठरत नाही. हे प्रत्येकाने अनुभवलेलं असतं त्यामुळे तोंड आपोआप उघडतं. वीस मिनिटं ठेवा या वादाला. मराठीत घसरले तर घसरू द्या, फक्त शेवटचं वाक्य इंग्रजीत झालं पाहिजे आणि त्यात दोन्हीतली एक म्हण आली पाहिजे.

आता एक माझ्याकडून झालेली चूक सांगते कारण ती दुसऱ्या कुणाकडून होऊ नये असं मनापासून वाटतं. 'यू कान्ट टीच अॅन ओल्ड डॉग न्यू ट्रिक्स' ही म्हण मी एकदा यादीतली पुढची म्हणून सहज फळ्यावर लिहिली आणि अर्थ सांगून मोकळी झाले, म्हातारपणी नवीन काही शिकवता येत नाही. पहिल्या बाकावर काका बसलेले. नातू बाहेरच्या देशात वाढतोय, त्याच्याशी फोनवर बोलता यावं म्हणून वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी वही-पेन घेऊन येणारा माणूस. ते काही बोलले नाहीत, फक्त पेनाचं टोपण लावलं आणि वही मिटली. पुढचे दोन दिवस आले नाहीत. मी घरी गेले त्यांच्या, काकूंनी चहा केला, मी माफी मागितली. काका म्हणाले, "अहो मॅडम, म्हणीचं काही नाही हो, पण कुत्रं म्हटलं ना." आणि ते खरंच आहे, इंग्रजीत 'डॉग' हा घरातला लाडका प्राणी असतो, तिथे लोक स्वतःलाच हसत हसत ओल्ड डॉग म्हणून घेतात, मराठीत माणसाला कुत्रं म्हणणं ही शिवी आहे. तेव्हापासून ही म्हण मी घेतली तर दोनच प्रकारे घेते, एक म्हणजे माणूस स्वतःबद्दल बोलतो तेव्हा, आणि दुसरं म्हणजे ती खोडून काढायला. त्या शनिवारी काका परत आले तेव्हा मी फळ्यावर 'इट्स नेव्हर टू लेट टू लर्न' लिहिलं आणि पुढच्या दोन्ही बॅचना सुरुवात तिथूनच केली.

बाकी पटकन. 'डल बॉय' मधल्या 'डल' चा अर्थ शाळेत 'ढ' असा शिकवतात, पण आज ही म्हण म्हणणाऱ्याला जॅक कंटाळवाणा होईल असं म्हणायचं असतं, शिकण्यात ढ नव्हे. जॅक कोण असं कुणीतरी विचारतंच, तर कुणीच नाही, आपला सोम्या-गोम्या तसा त्यांचा जॅक. 'जॅक ऑफ ऑल ट्रेड्स' मधे पण तोच, आणि तिथे 'ट्रेड' म्हणजे व्यापार नाही, सुतारकाम, गवंडीकाम असा हातचा धंदा. आपल्याकडे 'एक ना धड भाराभर चिंध्या'. 'अ लिटल लर्निंग इज अ डेंजरस थिंग' ही अलेक्झांडर पोप या कवीची १७११ मधली ओळ, लोक 'नॉलेज' म्हणतात पण मूळ शब्द 'लर्निंग', आणि मराठीत तिला 'अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं' इतकं चपखल काही नाही. 'लवकर निजे लवकर उठे' पोरांना पाठ असतं, त्याची इंग्रजी जोडी 'अर्ली टू बेड' बेंजामिन फ्रँकलिनने १७३५ साली आपल्या पंचांगात छापली होती, म्हण त्याच्याही आधीची आहे. आणि 'अर्ली बर्ड' तर आता मॅरेथॉनच्या फॉर्मवर डिस्काउंट म्हणून छापून येतो, तो फॉर्मच दाखवा.

'रोम वॉझन्ट बिल्ट इन अ डे' मधे कर्मणी प्रयोग आहे तो पुण्यावर घासून घ्या. शनिवारवाड्याचा पाया १७३० च्या जानेवारीत घातला आणि वास्तुशांत १७३२ च्या जानेवारीत झाली. पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मधे, पहिली गाडी धावली मार्च २०२२ मधे. यावर 'वॉज बिल्ट', 'वॉझन्ट बिल्ट', 'टुक फाइव्ह इयर्स' अशी वाक्यं प्रत्येकाकडून करून घ्यायची. स्वारगेटला खोदकामाच्या पत्र्यांशेजारून रोज बसने आलेल्या पोरांना 'इन अ डे' म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि जो तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी पाहिजे म्हणून येतो त्याला पहिल्याच दिवशी 'पी हळद हो गोरी' होणार नाही हे प्रेमाने सांगा, फी घ्यायच्या आधी सांगा.

वापराबद्दल थोडं. बोलताना इंग्रज माणूस बऱ्याचदा पूर्ण म्हण म्हणतच नाही, अर्धी सोडून देतो, "वेल, टू मेनी कुक्स..." एवढंच, बाकीचं समोरच्याने समजून घ्यायचं. आपण पण "अहो नाचता येईना..." म्हणून थांबतोच की. त्यामुळे एक जण अर्धी म्हणेल, दुसरा पूर्ण करेल असा खेळ रोज पाच मिनिटं घ्या. इंटरव्ह्यूमधे मात्र म्हणी टाकू नका, हिंजवडीच्या कंपन्यांत मुलाखतीला जाणाऱ्या पोरांना मी हे बजावून सांगते, "व्हॉट इज युअर स्ट्रेंग्थ" वर "व्हेअर देअर्स अ विल" असं उत्तर आलं की ते पाठ केलेलं आहे हे लगेच कळतं. तिथे आपण काय केलं ते सांगावं. त्याऐवजी ओळख झालेल्या माणसाशी, ऑफिसच्या कॉलवर, "वी हॅव अ सेइंग इन मराठी" असं म्हणून आपली म्हण सांगायची आणि दोन वाक्यांत समजवायची, हे फार भारी काम करतं. समोरचा थांबतो, विचारतो, बोलणं वाढतं. अंगण वाकडं कसं असतं हे इंग्रजीत समजावून सांगता आलं की समजा बऱ्यापैकी बोलता यायला लागलं.

आठवड्याला दोनच म्हणी घ्या, जास्त नको. वहीत अर्थ लिहायला लावू नका, त्याऐवजी 'ही मी कुणाला म्हणेन' आणि 'कुणाला चुकूनही म्हणणार नाही' या दोन ओळी लिहायला लावा, दुसरी ओळ जास्त शिकवते. घरचा अभ्यास म्हणजे घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाकडून कामाबद्दलची किंवा शिकण्याबद्दलची एक मराठी म्हण विचारून आणायची. आज्या कधीकधी चारचौघात म्हणता येणार नाही अशा म्हणी देतात, त्या पण घ्या, वर्ग जागा होतो. शिकवणाऱ्याने स्वतःजवळ दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश ठेवावा, दोन भाग आहेत, इथल्याच पुण्यातल्या माणसांनी चाळीसच्या दशकात काढलेला, आणि एका म्हणीचे किती पाठभेद असतात ते त्यात बघून थक्क व्हायला होतं. ग्रंथालयात मिळेल, नाहीतर अप्पा बळवंत चौकात विचारा.

टेस्ट घ्यायचीच असेल तर चिठ्ठ्या करा. चिठ्ठीवर म्हण लिहायची नाही, प्रसंग लिहायचा, जसं की नळ थेंब थेंब गळतोय आणि बाबा म्हणतात दिवाळीनंतर बघू. उचलणाऱ्याने प्रसंग वाचायचा आणि बाबांना काय म्हणशील ते इंग्रजीत म्हणून दाखवायचं, बाबांना म्हणतोय तसंच, मान ठेवून. ज्याला नाही जमलं त्याची चिठ्ठी डब्यात परत, पुढच्या शुक्रवारी पुन्हा निघेल.